आधी पान, मग पोथी : शेगावच्या संस्थानाची वाटचाल

माघ लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरच्या रस्त्यावर पहाटेपासून पायांची चाहूल सुरू होते. एरवी या रस्त्यावर एसटी, ट्रॅक्टर आणि दुचाक्यांचीच ये-जा. पण गजानन महाराजांचा प्रकट दिन जवळ आला की घाटावरच्या गावांतून दिंड्या निघतात. पुढे पताका, मध्ये टाळकरी, मागे सामानाची गाडी. बल्लाळदेवीच्या टेकडीकडे तोंड करून हात जोडायचे आणि पुढचा टप्पा धरायचा. घाट उतरला की खामगाव, खामगाव मागे पडले की शेगाव.

रस्त्याकडेच्या घरांपुढे चुली पेटलेल्या असतात. कुणी चहाचे पातेले मांडून बसलेला, कुणी पोह्यांची परात घेऊन उभा, कुणी केळ्यांचा घड सोडत असलेला. ओसरीवर एखादी आजी पाय पसरून बसते. टाचांना भेगा, बोटाला फोड. घरातली सून वाटीत कोमट तेल घेऊन येते आणि काही न बोलता पायाला लावू लागते. आजी पाय मागे घेते, सून पुन्हा ओढते. 'राहू दे वं माय' असे दोन-तीनदा होते आणि मग आजी डोळे मिटून घेते. प्रश्न एकच विचारला जातो : कोणतं गाव?

हा चहा आणि हे तेल कुठल्याही वहीत लिहिले जात नाही. संस्थानाच्या ताळेबंदात तर नाहीच. तरी शेगावच्या संस्थानाचा इतिहास सांगायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. कारण वऱ्हाडातल्या या सर्वांत मोठ्या देवस्थानाची पहिली नोंद चमत्काराची नाही, जेवणाची आहे.

२३ फेब्रुवारी १८७८. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी मंगलकार्याच्या पंगती उठल्या होत्या. उष्ट्या पत्रावळी दाराबाहेर टाकलेल्या. त्या ढिगाशी एक तरुण बसून पानाला चिकटलेली शिते वेचून तोंडात घालत होता. बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुळकर्णी यांनी ते पाहिले. त्यांनी आतून वाढलेले ताट आणवले. त्या तरुणाने सगळे पदार्थ एकत्र कालवले आणि खाल्ले. पाणी आणायला माणूस आत गेला, तोवर तो गुरांच्या हौदाचे पाणी पिऊन मोकळा झाला होता. गजानन महाराजांचे हे शेगावातले पहिले दर्शन.

दख्खनचा १८७६ ते १८७८चा महादुष्काळ तेव्हा नुकता ओसरत होता. उष्टे वेचणारा माणूस दिसणे त्या काळी नवलाचे नव्हते. बंकटलालांना नवल वाटले ते निराळेच. हा माणूस भुकेने वखवखलेला नाही, अन्न वाया जाते आहे म्हणून तो ते वेचतो आहे, असे त्यांना जाणवले. अन्न हे पूर्णब्रह्म, हे वचन घरोघरी जेवणाआधी म्हटले जातेच. शेगावच्या परंपरेने ते त्या दिवशी रस्त्यावर घडताना पाहिले, आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षे ती त्या दृश्याकडे पुनःपुन्हा परतत राहिली. आजही प्रकट दिनाच्या नैवेद्यात पिठले, भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची असते. शेतातल्या माणसाची रोजची न्याहारीच ती.

संस्थान स्थापन झाले १२ सप्टेंबर १९०८ रोजी, महाराज हयात असताना. शेगावच्या पाटील घराण्यातील मंडळी, व्यापारी आणि भक्त असे बारा जण एकत्र आले आणि विश्वस्त मंडळ उभे राहिले. त्याच वर्षी अकोल्याच्या शिवजयंती उत्सवात लोकमान्य टिळक आणि महाराज एका मंडपात होते, असे परंपरा सांगते. महिने उलटतात तोच टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. म्हणजे देश पेटलेला, आणि वऱ्हाडात आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या दुष्काळाच्या आठवणी अजून ओल्या. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१०ला, ऋषिपंचमीच्या दिवशी देह ठेवला. पुढे समाधीवर काळ्या दगडाचे मंदिर उभे राहिले : खाली भुयारात समाधी, वर श्रीराम.

त्या दुष्काळाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९००. दुसऱ्या दुष्काळाने तर वऱ्हाडचे कंबरडेच मोडले. आई-बाप गेलेली पोरे रस्तोरस्ती फिरत होती. त्यांना आधी हात दिला तो बऱ्याच ठिकाणी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. खामगाव आणि अकोल्याला अमेरिकन मिशनचे अनाथाश्रम त्याच काळात भरले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात फिरून शेकडो मुली-बायकांना मरणाच्या दारातून आणले आणि केडगावला मुक्ती सदन वसवले. कोवळ्या वयात रमाबाईंनी आपले आई-वडील दुष्काळातच गमावले होते. उपाशी पोर म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

पण त्याच रमाबाईंच्या शारदा सदनावरून त्याआधी पुण्यात वादळ उठले होते. ११ मार्च १८८९ला मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यात आलेले हे विधवांचे घर धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे जाहीर आश्वासन होते. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई पहाटे प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे, मुली येऊन बसत. यावर 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. एका उघड्या दारावरून हे सगळे झाले. त्यात कोण किती चुकले, यावर आजही दोन मते आहेत. रमाबाईंनी वाचवलेल्या जिवांचे मोल मात्र त्या वादाने कमी होत नाही. सदन सोडून गेलेल्या मुलींना त्यांच्या जुन्या घरांनी किती आधार दिला, हाही प्रश्न टीकाकारांना विचारायला हवा.

या वादाने महाराष्ट्रातल्या प्रत्येक धर्मसंस्थेपुढे एक प्रश्न ठेवला. संकटातल्या माणसाच्या ताटात भाकरी वाढताना शेजारी आपला देव ठेवायचा की नाही? ठेवला तर भुकेल्याला नाही म्हणायची मोकळीक उरते का? आणि देव अजिबातच न ठेवता निव्वळ भाकरी वाढत राहिलो, तर ती वाढायचे बळ माणसे कुठून आणणार? शेगाव संस्थानाने या प्रश्नावर पुस्तक लिहिलेले नाही की ठराव केलेला नाही. त्याचे उत्तर त्याच्या व्यवहारात वाचावे लागते.

वऱ्हाडातच त्याचे एक उत्तर दुसऱ्या माणसाने देऊन ठेवले होते. संस्थान स्थापन झाले त्याच १९०८ सालच्या सुमारास गाडगेबाबा ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधत होते. दिवसा खराटा, रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम. गाव झाडून झाल्यावरच ते गावाशी देवाबद्दल बोलत. पंढरपूरला त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि मुंबईत रोग्यांच्या नातेवाइकांसाठी निवारे उभे केले, पण स्वतः देवळाच्या गाभाऱ्याकडे कधी ओढ घेतली नाही. शेगावची रीत तितकी कडक नाही. तिथे गाभारा आहे, आरती आहे, पालखी आहे. मात्र हात आधी आणि तोंड मग, हा वऱ्हाडी क्रम दोन्हीकडे सारखाच.

संस्थानाचा धर्मप्रसार मोठा आहे, हे लपवण्याचे कारण नाही. दासगणू महाराजांनी १९३९मध्ये 'श्री गजानन विजय' हा एकवीस अध्यायांचा ग्रंथ पुरा केला. महाराजांच्या समाधीला तेव्हा जवळजवळ तीस वर्षे झाली होती. या पोथीने शेगावचे नाव वऱ्हाडाबाहेर नेले. मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि आता परदेशातल्या मराठी घरांतही तिची पारायणे होतात.

या पोथीतली अकोलीची गोष्ट घाटाखालच्या माणसाला जशी कळते तशी इतरांना कळणे अवघड. भर उन्हात महाराज भास्कर पाटलाकडे प्यायला पाणी मागतात. तो पाणी तर देत नाहीच, वर चार शब्द सुनावतो. महाराज जवळच्या कोरड्या विहिरीशी जातात आणि विहिरीला पाणी लागते. पुण्यात हा चमत्कार म्हणून वाचला जातो. पूर्णेच्या काठची माणसे त्यातला नकार आधी ऐकतात, कारण ती खारपाणपट्ट्यात राहतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारट. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराने गावेच्या गावे पोखरली आहेत. जिथे गोडे पाणी दुसऱ्याच्या घागरीतून येते, तिथे पाणी नाकारणे म्हणजे काय, हे पोथीने बरोबर ओळखले. संस्थानाने पुढे शेगावच्या वैराण माळावर आनंदसागर हे उद्यान उभारताना पाणी आणि झाडे यांनाच मध्यभागी का ठेवले, ते ज्यांनी तिथला उन्हाळा काढला आहे त्यांना सांगावे लागत नाही.

आजचे संस्थान ज्यांनी घडवले ते शिवशंकरभाऊ पाटील. शेगावच्या त्याच पाटील घराण्यातले. १९६०च्या दशकात ते कारभारात आले आणि ४ ऑगस्ट २०२१ला त्यांचे निधन झाले, तोवर 'भाऊ' म्हणजे संस्थान असेच समीकरण होते. अंगात साधे पांढरे कपडे, बोलणे मोजके. भाऊ संस्थानाच्या पाण्याचा घोटही घेत नाहीत, असे जिल्हाभर सांगितले जाई. भाऊंनी भाषणे फार केली नाहीत. त्यांनी एक पद्धत बसवली, आणि त्या पद्धतीचे नाव सेवेकरी.

शेगावला गेलेला माणूस सेवेकऱ्याला आधी भेटतो, महाराजांना नंतर. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, कुणालाही हाक मारायची ती 'माउली' म्हणून. चपला ठेवायच्या खिडकीत उभा असलेला मनुष्य कदाचित पन्नास एकरांचा बागायतदार असतो, कदाचित शाळेचा मुख्याध्यापक, कदाचित दुसऱ्याच्या शेतात राबणारा. तो तुमची चिखलाने भरलेली चप्पल हाताने उचलतो, कप्प्यात ठेवतो आणि बिल्ला देताना मान थोडी झुकवतो. बक्षिशी पुढे केली तर दोन्ही हात जोडतो. पगार नाही, मानधन नाही. सेवेचे दिवस ठरलेले असतात, ते पुरे झाले की प्रसाद घेऊन घरी. या सेवेसाठी गावोगावचे लोक नाव नोंदवून पाळीची वाट पाहतात.

धर्मप्रसार आणि मदत यांच्यातली गाठ शेगावने नेमकी इथे बांधली आहे. श्रद्धेची अपेक्षा आहे, पण ती देणाऱ्याकडून. घेणाऱ्याकडून काहीच मागितलेले नाही. महाप्रसादाच्या सभागृहात बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की दर्शन झाले का. रांग येते, बसते, पोळी-भाजी-वरण-भात जेवते, उठते. पैसे नाहीत. स्टेशनवर रात्र काढलेला फिरस्ता आणि नवस फेडायला आलेले कुटुंब यांच्या ताटात एकाच पळीने वाढले जाते. वाढणारा मात्र ते महाराजांचे काम म्हणून वाढतो, म्हणून तो थकत नाही. भक्ती ही इथे मजुराची भाकर आहे : काम करणाऱ्याने खायची.

ही व्यवस्था रुजली म्हणून बाकीची कामे वाढत गेली. संस्थानाची सेवाकार्ये आता चाळिसांवर आहेत. त्यात गतिमंद मुलांची शाळा आहे, दिव्यांगांसाठी पुनर्वसनाचे काम आहे, ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे दवाखाने आहेत. १९८३मध्ये, राज्याने खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली त्याच वर्षी, संस्थानाने शेगावला आपले अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. खारपाणपट्ट्यातल्या पोरांनी शिकायला नागपूर-पुण्यालाच जायला हवे असे नाही, हे त्यामुळे सिद्ध झाले.

फिरता दवाखाना हा त्यातला जिव्हाळ्याचा भाग. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत गाडी जाते. तिथल्या भिलाला-कोरकू माणसांचे देव वेगळे, भाषा वेगळी. तापाने फणफणलेले लेकरू पदराखाली घेऊन आई येते. डॉक्टर ताप बघतो, गोळ्या देतो, कधी कशा घ्यायच्या ते बोटांवर मोजून दाखवतो. जात-धर्माची अट इथे नाही. गाडीवर महाराजांचे नाव असते, तेवढाच प्रसार. उद्या ती आई शेगावला आली तर येईल, न आली तरी पुढच्या फेरीला गाडी तिच्या पाड्यावर येणारच आहे.

दुसऱ्या बाजूने संस्थान गावोगावच्या भजनी मंडळांना वीणा, मृदंग, टाळ आणि ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, एकनाथी भागवत असे ग्रंथ देते. एखाद्या लहान गावात संध्याकाळी मृदंगावर पहिली थाप पडते तेव्हा पारावरची पत्त्यांची बैठक हळूहळू पांगते. हे पाहिलेल्या माणसाला टाळ वाटणे हेही मदतीचेच काम वाटते. दारूने पोखरलेल्या गावात चार माणसांनी रोज सांजेला एकत्र बसावे, यासाठी काही निमित्त लागते. १९६८पासून शेगावची पालखी पायी पंढरपूरला जाते. सुमारे सातशे वारकरी, पांढऱ्या कपड्यांत, शिस्तीच्या रांगेत. परळी, अंबाजोगाई, सोलापूर करीत पालखी विठोबाच्या दारी पोहोचते आणि परतीच्या वाटेवर सिंदखेडराजा, लोणार, मेहकर करीत घाटावरच्या गावांना भेट देते.

शेगाव या बाबतीत एकटे नाही. आपल्याच घाटावर, मेहकर तालुक्यात, शुकदास महाराजांनी १९६५मध्ये हिवरा येथे विवेकानंद आश्रम उभा केला. शुकदास महाराज रोगी तपासत आणि फुकट औषध देत. आश्रमाने शाळा काढल्या. विवेकानंद जयंतीला तिथे पुरी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसते, लाखो माणसांची, आणि वाढायला ट्रॅक्टर लागतात. स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ला रामकृष्ण मिशन स्थापले, त्याच महिन्यात त्यांचे गुरुबंधू अखंडानंद मुर्शिदाबादेत दुष्काळग्रस्तांसाठी मदतकार्य चालवू लागले होते. बंगालच्या त्या दुष्काळातली धग हिवऱ्याच्या पंगतीपर्यंत पोहोचली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. याच घाटावरच्या, याच रस्त्याने पायी शेगावला जाणाऱ्या घरांत तेव्हा फास लागले. कापसाचा भाव, सावकाराचे व्याज आणि कोरडे नाले यांना अन्नछत्र पुरे पडत नाही. ते सरकारचे काम, आणि देवस्थानांच्या दानशूरपणाकडे बोट दाखवून कुठल्याही सरकारला त्यातून अंग काढून घेता येणार नाही. मात्र ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईला वर्षातून एकदा दोन दिवस कुणी ताट वाढून देते, कुणी 'माउली' म्हणते, हे तिच्या हिशेबात किती मोठे असते, ते तिलाच विचारावे.

मार्च २०२०मध्ये संस्थानाची दारे दर्शनासाठी बंद झाली. पालखी निघाली नाही. १९६८नंतर पहिल्यांदाच शेगाव-पंढरपूर वाट त्या ज्येष्ठात मोकळी राहिली. संस्थेची परीक्षा अशाच वेळी होते : देव बंद, भक्त घरी, पेट्या रिकाम्या. मंदिर बंद असताना संस्थानाचे स्वयंपाकघर चालू राहिले. गरजूंसाठी जेवण शिजत राहिले आणि रुग्णांच्या विलगीकरणासाठी भक्तांच्या निवासाच्या खोल्या देण्यात आल्या. एरवी जिथे पारायणाला आलेली कुटुंबे उतरायची, तिथे आता आपल्या माणसांपासून तोडलेला एकेक जण चौदा दिवस मोजत होता. दाराशी ताट ठेवून मागे सरणारा माणूस मास्कच्या आतून 'माउली' म्हणत होता.

दारे पुन्हा उघडली. रांगा परत आल्या, आणि माघातल्या दिंड्याही.

यंदाच्या माघात अमडापूरजवळ एका पारावर दिंडी विसावली होती. पंचेचाळिशीचा एक शेतकरी पायातले मोजे काढून उन्हात वाळवत होता. शेजारच्या पोराने त्याला विचारले, परत पायीच का? तो म्हणाला, नाही, एसटीने येतो, हरभऱ्याची सोंगणी राहिली आहे. मग खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून त्याने पोराला दाखवला. दीड वर्षापूर्वी नाव दिले होते, आता पाळी आली होती. सोंगणी आटोपून पुन्हा शेगावला जायचे होते, सेवेला. काम कुठले मिळेल, हे त्याला ठाऊक नव्हते. भांडी घासायला दिली तर बरे, म्हणाला. चपलांच्या खिडकीत दिवसभर उभे राहायचे तर गुडघा जरा दुखतो.